श्यामचाचांचं थांबणं

रविवारी दुपारी टीव्हीवर श्यामचाचांवरचा माहितीपट चालू होता. अर्धा झाला असेल नसेल, तेवढ्यात त्यांच्या बायकोनं पदराला चष्मा पुसता पुसता अगदी सहज सांगून टाकलं, “लोग समझते थे, बच्चों के लिए रुकते हैं. असल में शब्द अटक जाता था उनका. बचपन से हकलाते थे.” देवीदास भिंतीला टेकून चटईवर बसला होता. हातातली चहाची बशी त्यानं खाली ठेवली. विहिरीतून बादली ओढत असावं, ती सुटून खाली जावी आणि दोर तेवढा हलका होऊन हातात राहावा, तसं त्याला झालं. पडद्यावर मग जुनं कृष्णधवल चित्र आलं. श्यामचाचा मांडी घालून बसलेले, पुढ्यात सूप, सुपात वाटाण्याच्या शेंगा. ते बोलत, मध्येच थांबत, एक शेंग उचलून अंगठ्यानं फोडत, दाणे वाटीत टाकत आणि मग पुढचा शब्द येई. बायको सांगत होती की शेंगा तिनंच दिल्या होत्या, पहिल्या चित्रीकरणाच्या दिवशी, हाताला काम असलं की जीभ घाबरत नाही म्हणून. वाटाण्याचे दिवस संपले की भुईमूग. ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. खाटेवर त्याच्या वडिलांना, मारोतरावांना, डुलकी लागली होती. त्याची मुलगी रमा जमिनीवर पोटावर पडून चित्र काढत होती. त्याची बायको कलावती पडद्यासमोरून हललेली नव्हती. देवीदास उठला, “येतो मी” म्हणाला आणि पायात चपला सरकवून बाहेर पडला. हे दोन्ही शब्द त्याला सोपे जात.

श्यामचाचा म्हणजे श्यामराव, हिंदीत मुलांचा कार्यक्रम करणारा एक मराठी माणूस. टीव्ही भिलाईत नवा होता तेव्हा दर मंगळवारी संध्याकाळी ते अर्धा तास दिसायचे. देवीदास तेव्हा दहा वर्षांचा. मारोतराव भंडाऱ्याकडची धानाची शेती भावावर सोडून पोलादाच्या प्लँटमध्ये लागले होते, आणि सेक्टरमधल्या त्यांच्या क्वार्टरांच्या ओळीत एकाच घरी टीव्ही होता. त्या घरच्या पुढच्या खोलीत ओळीतली सगळी पोरं गुडघ्याला गुडघा लावून बसत. श्यामचाचा विचारत, “बताओ बेटा, आज किससे डर लगा?” आणि कॅमेऱ्याकडे बघत थांबत. बाकीची पोरं त्या वेळात काहीबाही ओरडत, कुत्र्याचं नाव घेत, गणिताच्या सरांचं घेत. देवीदास ओरडत नसे. तो मनातल्या मनात उत्तर सुरू करी. मनातही त्याचा शब्द अडे, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. पण श्यामचाचांची शेंग सोलून व्हायच्या आत तो सुटे, पुरा होई आणि श्यामचाचा मान हलवत, जणू त्यांना तो ऐकू गेला होता. दुसरीकडे कुठेच असं होत नसे. घरी तो ‘प’वर अडला की मारोतराव “पाणी?” म्हणून पुढचं पुरं करत आणि स्वतः उठून गडवा भरून आणत. त्याला पाणी नको असे, पतंग हवा असे, पण तो पाणी पिऊन टाकी. पाहुणे आले की मारोतराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, याले बोलाले जरा तरास होते, आणि त्याला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आपण देत. त्या हातात माया होती. ती त्याला तेव्हाही कळत होती, आणि कळत असल्यामुळेच तो हात झटकता येत नसे. शाळेत सर घड्याळाकडे बघून पुढच्या पोराकडे वळत. आठवड्यातून अर्धा तास मात्र एक माणूस त्याच्यासाठी थांबत होता. त्या माणसाला आपण अडतो हे माहीत आहे, आणि तरी त्याला घाई नाही, असं त्यानं धरलं होतं. तेवढ्या आधारावर तो बुधवार, गुरुवार, शुक्रवार काढी.

घराजवळच्या कोहक्याच्या तलावाच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून, तो भरभर चालत राहिला. जानेवारीचं ऊन मऊ होतं, पाण्यात म्हशी बसल्या होत्या, आणि त्याच्या कानांत मात्र रक्त वाजत होतं. त्याला राग आला होता. आधी त्याला वाटलं, फसवलं म्हणून राग आला. तो थांबत नव्हता माझ्यासाठी, तो तर माझ्यासारखाच अडकला होता. पण ते तेवढंच नव्हतं. अडकला होता तर हरकत नव्हती, उलट बरंच होतं. मग सांगितलं का नाही? एका मंगळवारी, एकदाच, शेंगा बाजूला ठेवून म्हणायचं होतं की बच्चो, मेरा शब्द अटकता है. इतकी वर्षं तो टीव्हीवर बसला, हजारो पोरं त्याच्याकडे बघत होती, त्यांत कितीतरी माझ्यासारखी असतील, आणि हा शेंगा सोलत राहिला. एवढं एक वाक्य ऐकलं असतं तर मी काय काय केलं नसतं, असा विचार त्यानं सुरू केला, आणि जे केलं होतं ते सगळं पाण्यावर वर आल्यासारखं समोर आलं.

दुर्गला कॉलेजात असताना परतीच्या बसमध्ये त्याला घराजवळच्या सुपेल्याचं तिकीट मागायचं असे. ‘सुपेला’ त्याच्या तोंडून निघत नसे. त्याच्या आधीचं नेहरूनगर निघे. म्हणून तो तीन वर्षं नेहरूनगरला उतरला आणि तिथून पायी घरी आला, उन्हाळ्यातही. आईला सांगे, चालायला आवडतं. पुढं नोकरी निवडतानाही त्यानं ड्रॉइंग ऑफिस निवडलं, कारण नकाशे उतरवून काढणाऱ्या ट्रेसरला बोलावं लागत नाही. कागदावर पेन फिरवायचं, अक्षरं काढायची. त्याच्या अक्षराची साहेबलोक तारीफ करत. टेबलावर फोन वाजला की तो नेमका पेन धुवायला उठे. तिथं सगळे त्याला मितभाषी समजत, आणि हा शब्द त्यांनी आदरानं वापरलेला ऐकून त्याला आत कुठेतरी बरंही वाटे. दुकानात तो वस्तूकडे बोट दाखवी. एखादा शब्द अडणार असं दोन शब्द आधीच कळे, मग तो वाट बदली, ‘कपडे’ऐवजी ‘लुगडी-धोतरं’ म्हणे, लोक हसत, त्याला विनोदी समजत. मुलगी झाली तेव्हा कलावतीला नाव कविता ठेवायचं होतं. त्यानं रमा म्हणून हट्ट धरला. आजीचं नाव होतं, असं सांगितलं. आजीचं नाव तसं नव्हतं. ‘र’ त्याला सोपा जायचा, पोरीला आयुष्यभर हाक मारायची होती, म्हणून. इतकी हुशारी, एवढी मेहनत, रोज, एकही सुट्टी न घेता. पाळीवर तो थांबला. श्यामचाचांवर रागावायचं म्हणजे नेमकं कुणावर, हे त्याला आता दिसायला लागलं, आणि ते बघायची त्याची तयारी नव्हती.

कारण घरी रमाच्या दप्तरात तिची डायरी होती.

रमा सहा वर्षांची, पहिलीत. दिवाळीनंतर तिचे शब्द अडायला लागले होते. शनिवारी तिच्या वर्गाच्या थॉमस मॅडमनी डायरीत लिहून पाठवलं होतं की गॅदरिंगमधल्या नद्यांच्या नाटुकलीत रमाला शिवनाथचं काम दिलं होतं, पण सरावात तिला बोलायला फार त्रास होतो, मुलं हसतात. तेव्हा तिला बिनबोलाचं काम द्यावं, मागे निळ्या कापडाचं टोक धरून उभं राहायचं, आपली सहमती कळवावी. बाई चांगल्या होत्या. अक्षरही मायेचं होतं. देवीदासनं शनिवारी संध्याकाळीच खाली ‘सहमत’ असं लिहून सही केली होती, आपल्या त्या नावाजलेल्या अक्षरात. कलावतीला विचारलं नव्हतं, रमाला तर नाहीच. लिहिताना त्याला हायसं वाटलं होतं. आपण पोरीला वाचवलं असं वाटलं होतं. आता तलावाच्या पाळीवर त्याला आठवलं की ‘सहमत’ हा शब्द त्याला बोलून कधीच दाखवता आला नसता, आणि लिहायला त्याला क्षणही लागला नव्हता.

तो परतला तेव्हा ऊन कललं होतं. टीव्ही बंद होता. रमा शेजारी खेळायला गेली होती. कलावती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिनं वर न बघता विचारलं, “तुमी मधातच कावून उठून गेले?” तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. लग्नाला आठ वर्षं झाली होती. त्याच्या बोलण्याबद्दल तिनं एकदाही विषय काढला नव्हता, तो अडला की ती हातातलं काम चालू ठेवी, नजर खाली ठेवी. तिला सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं दोघांनीही मान्य केलं नव्हतं.

“पुढचं तं पायलंच नाही तुमी,” ती म्हणाली. मग तिनं सावकाश, कणकेला मुठी देत, पुढचं सांगितलं. कार्यक्रम सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी मुलांची पत्रं यायला लागली. पोत्यानं. त्यांत पोरं लिहीत, की चाचाजी, तुम्ही आमच्या उत्तरासाठी थांबता, दुसरं कोणी थांबत नाही. श्यामराव ती पत्रं घरी आणून वाचत बसत. पहिल्या दिवशी ते जेवलेच नाहीत. “त्याइची बायको म्हणे, त्याइले लाज वाटली. आपुन तं अडलो होतो, आन् लेकराइनं त्याले का समजलं. मंग त्यानंतर ते सच्चीमुच्ची थांबाले लागले. शब्द अडला नाही तरी थांबत. लेकराइसाठी. ते म्हणे, मलेच कळे ना, कोणतं अडनं होय आन् कोणतं थांबनं.” कलावतीनं कणकेचा गोळा झाकला. हात धुतले. “आन् मरतेवेळी म्हणत होते म्हणे, एकडाव तरी सांगाले पायजे होतं लेकराइले. रायून गेलं.”

कलावतीनं हात पुसले आणि या वेळी नजर खाली ठेवली नाही. “त्या डायरीत तुमी का लिवलं ते मी पायलं,” ती म्हणाली. “मी काही म्हणत नाही. पर रमा चार दिवस झाले, मोरीत जाऊन नळ चालू करते आन् ते शिवनाथचं वाक्य म्हणून पायते. नळ कावून चालू करते, ते तुमालेच ठाव असन.”

त्याला ठाऊक होतं. पाण्याच्या आवाजात आपला आवाज ऐकू येत नाही. त्यानंही तसंच केलं होतं, सेक्टरच्या क्वार्टरात, त्याच वयात. हे त्यानं शिकवलेलं नव्हतं, रमानं ते स्वतःच शोधून काढलं होतं. लपायच्या जागा शोधायची अक्कल तिलाही होती. तो बाहेरच्या खोलीत गेला, दप्तर उघडलं, डायरी काढली. ट्रेसिंगवरची शाई ब्लेडनं अशी खरवडता येते की खाली काही होतं हे कळत नाही, आणि त्या कामात त्याचा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं. ब्लेड त्यानं घेतलं नाही. ‘सहमत’वर एक आडवी रेघ मारली, खालचा शब्द वाचता येईल अशी. शेजारी काहीच लिहिलं नाही. जे सांगायचं ते तो तोंडानं सांगणार होता.

सोमवारी त्यानं अर्धी रजा घेतली. शाळा सुटायच्या वेळेला तो व्हरांड्यात पोचला तेव्हा पहिलीची मुलं रिक्षाची वाट बघत दाराशी गोळा झाली होती, रमा त्यांत होती. त्याला बघून ती चकित झाली. तो शाळेत कधी येत नसे, कलावतीच येई. थॉमस मॅडम पन्नाशीच्या, केरळच्या, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी खुर्ची पुढे केली, रमा फार गोड मुलगी आहे म्हणाल्या, तिचं हसं होऊ नये एवढंच मनात होतं म्हणाल्या. ते खरं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. देवीदासच्या छातीत ओळखीचा दगड बसला. तो म्हणाला, “मैं चाहता हूँ...” आणि पुढच्या ‘कि’वर अडला. जबडा आवळला गेला, मान किंचित उजवीकडे गेली, जशी ती नेहमी जाई आणि जी कुणाला दिसू नये म्हणून तो एरवी आधीच वाट बदली. मॅडम पुढे झुकल्या. त्यांच्या डोळ्यांत कणव आली. “कि वह पीछे ही खड़ी रहे?” त्या हळू म्हणाल्या. “हाँ, वही अच्छा है. आप चिंता मत कीजिए.”

मान हलवली असती तर संपलं असतं. जन्मभर त्यानं मान हलवली होती, नको असलेलं पाणी प्यायला होता. हो म्हणणं नेहमी इतकं सोपं करून ठेवलेलं असे, आणि तेही मायेनं. दाराशी मुलांचे आवाज कमी झाले होते. ती बघत आहेत हे त्याला पाठीनं कळलं. त्यानं खुर्चीच्या दांड्यावरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

“नहीं,” तो म्हणाला. “मेरा शब्द पूरा मत कीजिए. मैं बोलूँगा. देर लगेगी.”

यातल्या प्रत्येक ‘प’ला, ‘ब’ला आणि ‘द’ला वेळ लागला. ‘पूरा’वर तो इतका थांबला की बाहेर कुणीतरी खिदळलं, आणि मग दुसऱ्या पोरानं जबडा आवळून, मान उजवीकडे टाकून त्याची नक्कल केली, ते त्याला खिडकीच्या काचेत दिसलं. ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा अशा वेळी कसा होतो हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं, कारण तो नेहमी खाली बघे. आज त्यानं मॅडमच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या घाबरल्या होत्या. त्याच्यापेक्षा जास्त घाबरल्या होत्या. हे त्याला अजिबात ठाऊक नव्हतं, आणि ते बघितल्यावर त्याच्या छातीतला दगड जरा बाजूला झाला. पुढचं त्यानं त्याच गतीनं सांगितलं: रमा तिचं वाक्य म्हणेल, जितका वेळ लागेल तितका लागेल, कुणी मागून शब्द पुरवायचा नाही. मॅडम म्हणाल्या, कार्यक्रम वीस आहेत, वेळ मोजून दिला आहे, आणि सगळे हसले तर? तो म्हणाला, “तो हँसेंगे.” मग बराच वेळ गेल्यावर, “आप बीच में मत बोलिए. बस.” मॅडमनी चष्मा काढला, परत लावला. मोठ्या बाईंना विचारावं लागेल म्हणाल्या. मग बोटानं टेबलावर रेघ काढत थोडा वेळ बसल्या आणि म्हणाल्या, मीच सांगेन त्यांना.

तो बाहेर आला तेव्हा रमा मुलांपासून लांब, भिंतीकडे तोंड करून उभी होती. ती सायकलच्या कॅरियरवर बसली नाही. दप्तर पाठीवर घेऊन त्याच्या पुढे चालत राहिली, पार घरापर्यंत, आणि तो सायकल हातात धरून मागे. घरी ती कलावतीच्या कुशीत शिरली आणि सगळं सांगून मोकळी झाली. मारोतरावांनी ते खाटेवरून ऐकलं. ते म्हणाले, “तिले बाई मागं उभी करत होती तं का बिघडत होतं? तू जाऊन लेकराची अजून हसी करून आला.” त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनाही भीतीच वाटत होती, इतक्या वर्षांची. देवीदासनं मन मात्र बदललं नाही. त्यानं जेवण केलं, अर्धी रजा संपल्यावर ऑफिसात जाऊन एका शाफ्टचं ट्रेसिंग पुरं केलं. फोन वाजला तेव्हा पेन धुवायला उठला नाही, फोन घेतला. पलीकडच्या माणसानं दोनदा हॅलो हॅलो करून ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा घेतला, आणि तेव्हा पलीकडचा थांबला.

रमा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. बुधवारी संध्याकाळी तो अंगणात सायकलला तेल देत होता, तेव्हा ती येऊन उकिडवी बसली. चाक फिरवलं. थांबवलं. मग म्हणाली, “पप्पा, तुमाले बी होते?”

“होते,” तो म्हणाला.

“कवापासून?”

“तुह्याएवढा होतो तवापासून.”

तिनं यावर विचार केला. तिचा चेहरा रडवेला नव्हता, रागावलेला होता. “मंग सांगतलं कावून नाही?” ती म्हणाली. “मले वाटलं, सिर्फ मलेच होते. पूरे घरात सिर्फ मलेच.”

हातातली तेलाची पिचकारी तशीच राहिली. सहा वर्षं एका घरात राहून तिला कळलं नव्हतं. पप्पा कमी बोलतात, एवढंच तिला माहीत होतं. इतकं चांगलं लपवलं होतं त्यानं. ऑफिसातल्या लोकांपासून, बसमधल्या कंडक्टरपासून लपवता लपवता त्यानं ते हिच्यापासूनही लपवलं होतं, आणि ही त्याच छपराखाली नळ सोडून एकटी बसत होती. काहीतरी समजावून सांगावं असं त्याला वाटलं, मोठ्या माणसांचं असं असतं, तसं असतं. पण तिनं विचारलेलं सरळ होतं.

“भेत होतो,” तो म्हणाला. ‘भ’वर बराच अडला. वाट बदलली नाही. ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, डॉक्टर बघतात तशी, जबडा कसा होतो, मान कुठे जाते. शब्द आल्यावर तिनं मान हलवली.

“माही मान नाही जात,” ती म्हणाली. “माहे डोळे मिटतात.” आणि थोड्या वेळानं, “मी तं शिवनाथच होईन. पर तुमी समोर बसजा.”

गॅदरिंग शाळेच्या मैदानात, मांडवात होतं, शनिवारी दुपारी. देवीदास, कलावती आणि मारोतराव तिसऱ्या रांगेत बसले. मारोतराव येणार नव्हते, ऐनवेळी काठी घेऊन सगळ्यांच्या आधी दाराशी उभे राहिले होते. नद्यांची नाटुकली सातवी होती. महानदी आली, तिनं भराभर बोलून टाकलं. मग रमा पुढे आली, गळ्याभोवती निळी ओढणी. “मैं,” ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

मांडवात आधी काही झालं नाही. मग मागच्या रांगांमधून कुजबुज आली, कुणीतरी हसलं. पडद्याच्या कडेला थॉमस मॅडम हातात कागद घेऊन उभ्या होत्या. त्यांचे ओठ उघडले, आणि मग त्यांनी कागद खाली घेऊन पायांकडे बघितलं. देवीदासला पोरीच्या गळ्यातली शीर इथून दिसत नव्हती, पण ती कशी ताणली असेल ते त्याला आतून ठाऊक होतं. शब्द असा समोर उभा असतो, पुरा, नीट, प्रत्येक अक्षर दिसत असतं, आणि दार तेवढं उघडत नाही. आजवर तो नेहमी दाराच्या आतल्या बाजूला होता. बाहेर उभं राहणं हे असं असतं तर. हात शिवशिवतात. आपलं दार नसून धक्का द्यावासा वाटतो. शेजारी मारोतरावांचे ओठ हलायला लागले, आवाज अर्धा बाहेर आलाच, “शि...” देवीदासनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“थांबा,” तो म्हणाला.

मारोतराव थांबले. मांडवातलं हसणंही कुठेतरी विरलं, लोकांना ते फार वेळ पुरत नाही. आता नुसती शांतता होती, चारशे माणसांची, आणि मध्ये ती एवढीशी, डोळे मिटून. ती पळाली नाही. तिनं सोपा शब्द शोधला नाही, नदीला दुसरं नाव नसतंच. मग तिनं डोळे उघडले. “शिवनाथ हूँ,” ती म्हणाली, तीन तुकड्यांत. पुढचं वाक्य ‘दुर्ग’पाशी पुन्हा अडलं, थोडं कमी. दुर्ग के पास से बहती हूँ, इतकं सगळं म्हणून झाल्यावरच ती मागे सरली. तिच्यानंतरची, खारून नदी झालेली मुलगी इतकी घाबरली होती की आपलं वाक्यच विसरली, आणि रमानं वळून तिच्याकडे बघितलं, पण तिला शब्द सांगितला नाही.

घरी सगळे पायी निघाले. रमा आणि कलावती पुढे, रमाच्या हातात शाळेनं दिलेला चिवड्याचा पुडा, आणि तिचं तोंड थांबत नव्हतं. अडे, सुटे, पुन्हा अडे, कलावती ऐकत होती. मारोतराव काठी टेकत सावकाश चालत होते, म्हणून देवीदास मागे राहिला. मुख्य रस्ता सोडून कोहक्याकडे वळल्यावर मारोतराव उभे राहिले. त्यांना दम लागला असेल असं त्याला वाटलं. ते रस्त्याकडे बघत होते.

“म्या तुले कधी पुसलं नाही,” ते म्हणाले. “लहानपनी तुले सगळ्यात जड कोनता शब्द जाये रे?”

देवीदासनं तोंड उघडलं, आणि जबडा आवळला गेला. मान उजवीकडे गेली. मारोतरावांचे ओठ सवयीनं पुढचं पुरं करायला उघडले. पुढचं काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, तरी उघडले. मग त्यांनी ते मिटले. दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवले. कोळशाचा एक ट्रक धूळ उडवत गेला, धूळ खाली बसली. ते हलले नाहीत.

“बाबा,” देवीदास म्हणाला.

“हं, बोल ना,” मारोतराव म्हणाले, आणि पुढं काय येतं त्याची वाट बघत उभे राहिले.

“तोच,” तो म्हणाला.